गव्हाळ अंगण, काळा काठ

पत्र:

'आमचा गंगापूर रोडला बंगला आहे, पश्चिमेकडे तोंड असलेला. गेटपासून पोर्चपर्यंत साधारण ६०० चौरस फूट जागा. तिथले पेव्हर ब्लॉक वीस वर्षांत खचलेत, फटींतून गवत उगवतं. मुलगा इंग्लंडमध्ये असतो. त्याच्या गल्लीत घराघरापुढे रेझिन नावाच्या, घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात बसवलेल्या बारीक खडीचे ड्राइव्हवे आहेत, ते बघून त्याने हाच हट्ट धरला. इथला एक कंत्राटदारही 'स्टोन कार्पेट' म्हणून तेच करून देतो म्हणाला. करायचं हे नक्की झालं, पण रंगावर घर अडलंय. मला हॉटेलांसारखा मोतिया पांढरा हवा. ह्यांना गडद चारकोल. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्या म्हणतात, अंगण आहे ते, गेरूच्या रंगाचंच हवं. गेटजवळ जांभळाचं मोठं झाड आहे, कंपाउंडची भिंत काळ्या दगडाची, घर फिकट बदामी. दोन गाड्या. धुवायला बोअरचं पाणी. कंत्राटदार तीस रंगांचं कॅटलॉग ठेवून गेलाय आणि दसऱ्याच्या आत सांगा म्हणतोय. काय करावं?'

— एक वाचक, नाशिक

उत्तर:

ताई,

जांभळाचा उल्लेख तुम्ही पत्रात जाता जाता केलात, पण माझ्या मते तुमच्या अंगणाचा रंग निम्मा त्या झाडानेच ठरवून ठेवलाय. मेच्या शेवटापासून जून सरेपर्यंत त्याच्याखाली रोज सडा पडणार. त्यावरून गाडीचं चाक जाणार, जांभूळ चिरडणार, आणि खालची खडी मोतिया पांढरी असेल तर तिसऱ्या दिवशी तुम्ही त्या झाडाकडे वाकड्या नजरेने बघायला लागणार. हॉटेलांना तो पांढरा परवडतो, कारण तिथे मॉप घेतलेला एक माणूस सकाळपासून त्यासाठीच नेमलेला असतो. शिवाय त्यांच्या दारात जांभूळ नसतं, शोभेचे पाम असतात.

भिंतीचा रंग निवडताना तो भिंतीवर कसा दिसेल एवढं बघितलं तरी चालतं. भिंतीवर फारसं काही सांडत नाही. जमिनीवर मात्र सगळंच येऊन पडतं. म्हणून कुणी ड्राइव्हवेचा रंग विचारला की मी आधी विचारतो, वर्षभरात त्या जागेवर काय काय पडतं? तुमच्या बाबतीत ते मलाच सांगता येईल. उन्हाळ्याची धूळ, जी सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते उकरले की दुप्पट होते. पावसाळ्यात चाकांना चिकटून आत येणारी गोदाकाठची काळी माती. दसऱ्याला गाडीची पूजा, म्हणजे हळद, कुंकू, झेंडूच्या पाकळ्या आणि चाकाखाली फुटलेलं लिंबू. दिवाळीत पणतीचं तेल. रंगपंचमीला घरातलं कुणी रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उडी मारून आलं, तर गेटपासून बाथरूमपर्यंत उमटलेली रंगीत पावलं. (रहाडीचा रंग अंगावरून दोन-तीन दिवस जात नाही, मग सच्छिद्र खडीवरून तो लगेच जाईल अशी आशा कशाला करायची?) आणि वर्षभर, दर रविवारी, गाडी धुतलेलं बोअरचं पाणी.

हे सगळं डोळ्यांसमोर ठेवलं की तीस रंगांच्या कॅटलॉगमधले वीस आपोआप गळतात.

पण रंगाच्या आधी एक गोष्ट, कारण ती चुकली तर निवडलेला रंग वर्षभरही टिकत नाही. तुम्ही खडीचा रंग निवडताय. तो रंग डोळ्यापर्यंत येतो मात्र रेझिनच्या थरातून. रेझिनच पिवळं पडलं तर खाली पांढरा संगमरवर असो की क्वार्ट्झ (गारगोटी), काही उपयोग नाही. मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. इंदिरानगरला माझ्या स्वतःच्या पोर्चपुढे दोनशे चौरस फुटांत हा प्रयोग केला होता, हस्तिदंती रंगात. काम झालं त्या दिवशी शेजारपाजारचे बघायला आले. पुढच्या मेमध्ये कडेच्या चार कुंड्या हलवल्या, तर त्यांच्याखाली चार गोल पांढरे चंद्र आणि बाकीचं सगळं अंगण दुधाच्या चहाच्या रंगाचं. कंत्राटदाराला बोलावलं. तो म्हणाला, 'वरून पॉलिश मारून देतो.' त्या पिवळेपणावर पॉलिश चालत नाही, कारण तो वरचा मळ नसतो. रेझिनच उन्हाने आतून बदललेलं असतं.

झालं काय होतं, तर त्याने घरातल्या फरशीसाठी वापरतात ते इपॉक्सी जातीचं रेझिन बाहेर वापरलं होतं. इपॉक्सी कारखान्यात, गोडाऊनमध्ये, छपराखाली उत्तम. उघड्या उन्हात ते पिवळं पडतं आणि पुढे खडूसारखं भुरभुरतं. उघड्यावर पॉलियुरेथेन जातीचं रेझिन लागतं, आणि त्यातही दोन जाती आहेत. अ‍ॅरोमॅटिक स्वस्त असतं, पण अतिनील किरणांनी त्यावर तांबूस-पिवळी झाक चढते. अ‍ॅलिफॅटिक महाग असतं, पण रंग धरून ठेवतं. कंत्राटदार तोंडाने 'यूव्हीवालं आहे मॅडम' म्हणेल. त्याच्या कोटेशनवर 'अ‍ॅलिफॅटिक पॉलियुरेथेन' हे दोन शब्द लिहून घ्या, आणि डबे साइटवर आले की लेबल स्वतः वाचा. तो शब्द लिहायला का-कू करत असेल तर तुम्हाला कळायचं ते कळलं.

यात एक गंमत आहे. गडद खडीवर रेझिनचा पिवळेपणा दिसत नाही. त्यामुळे स्वस्त रेझिन वापरणारा माणूस गिऱ्हाइकाला हळूच गडद रंगाकडे ढकलतो. तुमच्या यजमानांना चारकोल स्वतःहून आवडलाय की कुणी आवडवलाय, ते एकदा विचारून बघा.

मुलाने पाठवलेल्या फोटोंबद्दल. इंग्लंडात हे ड्राइव्हवे एवढे दिसतात त्याला सौंदर्याइतकंच एक सरकारी कारणही आहे. २००७ च्या उन्हाळ्यात तिथे मोठे पूर आले. मग ऑक्टोबर २००८ पासून तिथे नियम आला की घरापुढच्या बागेची ५ चौरस मीटरपेक्षा जास्त जागा पाणी न जिरणाऱ्या थराने झाकायची आणि पाणी सरळ रस्त्यावर सोडायचं, तर परवानगी काढा. खडी आणि रेझिन आधी एकत्र कालवून थापीने पसरलं तर खड्यांमध्ये बारीक पोकळ्या राहतात आणि पाणी आरपार जातं, म्हणजे परवानगीची कटकट नाही. तेव्हापासून हा प्रकार तिथे फोफावला. तुमच्या मुलाच्या गल्लीत जे आहे ते हे. दुसरा एक प्रकार आहे, त्यात जमिनीवर आधी रेझिन पसरतात आणि वरून कोरडी खडी भुरभुरतात. तो स्वस्त पडतो, पण त्यातून पाणी जिरत नाही, हाताला खरखरीत लागतो आणि चाकांखाली खडे सुटत राहतात. कंत्राटदार यांतलं कुठलं करणार आहे, हे त्याच्या तोंडून वदवून घ्या. कालवून पसरलेलाच घ्या.

फोटोतला रंग मात्र इथे मागू नका. तिकडचं ऊन तिरपं आणि ढगाळलेलं. नाशिक २० अक्षांशावर, मेच्या उत्तरार्धात एका दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि आपली सावली पायाखाली जाते. तिकडे जो रंग मधासारखा ऊबदार दिसतो तो इथे भर दुपारी फटफटीत दिसेल. तिकडच्या करड्या आभाळाखाली चंदेरी राखाडी छान दिसतो, तो इथे न रंगवलेल्या कोब्यासारखा वाटायची भीती.

आता तिघांची तीन मतं.

तुमचा मोतिया. जांभळाचं बोललोच. त्याहून मोठी अडचण म्हणजे तुमच्या घराचं तोंड पश्चिमेला आहे. दुपारी तीननंतर सहाशे फुटांचा पांढरा पट्टा समोरून उजेड हॉलमध्ये फेकणार, आणि तुम्ही मग पडदे गडद करणार. टायर वळतात तिथे काळे फरांटे उमटतात, तेही पांढऱ्यावर सगळ्यात ठळक. भिंतीच्या सावलीतल्या कडेला श्रावणात शेवाळ धरलं की हिरवं दिसतं. पांढरी खडी बहुधा संगमरवराची असते, त्याचाही विचार करा. संगमरवर क्वार्ट्झपेक्षा खूप मऊ आणि आम्लाला कच्चा. आपल्याकडे बाई फरशीवर डाग दिसला की अ‍ॅसिडची बाटली आणते. ते अ‍ॅसिड वरच्या झिजलेल्या खड्यांना खातं. चाकाखालचं लिंबूसुद्धा त्याच जातीचं, फक्त सौम्य.

यजमानांचा चारकोल. तेल, टायर, काळी माती, सगळं पोटात घालतो हे खरं. पण तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे. जड पाणी वाळलं की मागे क्षारांचे पांढरे ठिपके राहतात, आणि ते काळ्यावर जितके दिसतात तितके कशावरच दिसत नाहीत. तुमच्या काळ्या ओट्यावर नळाजवळ बघा, मला काय म्हणायचंय ते कळेल. उन्हाळ्याची फिकट धूळही काळ्यावरच जास्त दिसते. म्हणजे जो रंग मळ लपवतो म्हणून घ्यायचा, तो नाशिकमध्ये सहा महिने धुळकट दिसणार.

आणि तो तापणार. नवं डांबर अंगावर पडलेल्या उन्हातलं जेमतेम ५ ते १० टक्के परत फेकतं, बाकीचं पिऊन टाकतं. नवं सिमेंट काँक्रीट ३५ ते ४० टक्के परत फेकतं. गडद खडीचं वागणं डांबराच्या जवळचं. चैत्रात भर दुपारी काळाराम मंदिराच्या आवारात जो अनवाणी चालला आहे त्याला हे आकडे सांगायची गरज नाही. तुमच्या सासूबाई सकाळी फुलं तोडायला अनवाणी जात असतील तेव्हा काही होणार नाही, पण संध्याकाळी पाच वाजता कुणी बेल वाजवली आणि त्या तशाच गेटकडे निघाल्या तर? पश्चिमेचं अंगण त्या वेळी दिवसभराचं ऊन साठवून बसलेलं असतं.

सासूबाईंचा गेरू मला मनापासून आवडला, आणि त्यावर मी शेवटी येतो. पण सहाशे फूट लाल नको. नैसर्गिक तांबडी खडी असते, पण ती गेरूसारखी सपाट लाल दिसत नाही. गुलाबी, विटकरी, करडा असे ठिपके मिसळलेली असते. कॅटलॉगमधला झणझणीत लाल बहुतेक वेळा रंग चढवलेल्या खडीचा असतो. तो रंग चाकांच्या पट्ट्यात आधी उडतो, आणि मग लाल अंगणात दोन फिक्या वाटा दिसतात. ओळखायची रीत सोपी आहे. चार खडे मागून घ्या, हातोडीने फोडा. आतून दुसरा रंग निघाला तर तो खडा परत करा. लाल, निळा, हिरवा काहीही निवडलंत तरी ही परीक्षा घ्या.

मग काय घ्यायचं? माझं मत सांगतो. गव्हाळ.

मराठीत 'मातकट' हा शब्द आपण नाक मुरडून वापरतो. साडी मातकट, पडदा मातकट. पण ज्या वस्तूवर रोज माती पडणार आहे तिला मातकट असण्यात काय कमीपणा? तुमच्याकडे धूळ फिकट पडते, चिखल काळा पडतो, जांभळं जांभळी पडतात. या तिघांच्या मधला रंग असला आणि तो एकरंगी नसला, म्हणजे तीन-चार छटांचे खडे मिसळलेले असले, की डोळा डाग शोधत नाही. ठिपक्यांत ठिपका हरवतो. बाजरीच्या भाकरीवर करपलेला ठिपका कुठे दिसतो? मैद्याच्या पोळीवर दिसतो.

माझं प्रमाण असं: दहा भाग खडीत सहा भाग बिस्किटी किंवा वाळूच्या रंगाची, अडीच भाग तपकिरी, दीड भाग काळी-राखाडी. काळी खडी आपल्या इथल्याच बेसाल्टची चालेल, फक्त धुतलेली आणि खडखडीत वाळवलेली हवी. बिस्किटीमुळे अंगण फार तापत नाही आणि बदामी भिंतीशी जुळतं. तपकिरी खडा जांभळाचा आणि पाचोळ्याचा डाग सांभाळतो. काळा खडा टायर आणि तेल सांभाळतो, आणि कंपाउंडच्या काळ्या दगडाशी नातं जोडतो. त्या भिंतीशी जुळवणं जास्त महत्त्वाचं, कारण घराचा बदामी सहा-सात वर्षांनी बदलाल, काळा दगड बदलणार नाही. ज्यांना आपण हात लावणार नाही त्यांच्याशी आधी जुळवावं, म्हणजे भिंत, झाड, माती.

खड्याचा आकार बारीक आणि मध्यम मिसळलेला घ्या, १ ते ३ आणि २ ते ५ मिलिमीटर असा. सगळे मोठे खडे घेतले तर मधल्या पोकळ्या मोठ्या राहतात, त्यात माती बसते, आणि दोन पावसाळ्यांत वरचा रंग आणि फटींचा रंग असे दोन रंग दिसू लागतात. निवडलेला रंग लोक इथे हमखास गमावतात.

खडी सगळी एकदम आणवून घ्या. गाड्या उभ्या राहायच्या म्हणजे १८ मिलिमीटर जाडी लागेल. त्या जाडीला एका चौरस मीटरमागे साधारण ३० किलो माल बसतो, म्हणजे तुमच्या ६०० फुटांना, अंदाजे ५६ चौरस मीटरला, १७०० किलोच्या आसपास. रेझिन शंभर किलो खडीला सात-साडेसात किलो, म्हणजे एकूण सव्वाशे किलो. खाणीतला दगड प्रत्येक खेपेला थोडा वेगळा निघतो. पहिल्या दिवशी एका खेपेची आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खेपेची खडी पडली तर मधोमध सांधा दिसतो, आणि तो आयुष्यभर दिसतो. कालवताना माप वजनाने घ्यायला सांगा, घमेल्याने नाही. प्रत्येक घाण्यात तेच प्रमाण आणि तेवढाच वेळ मिक्सर, नाहीतर अंगणावर ढगांसारखे फिके-गडद पट्टे उमटतात. आणि दोन पोती खडी जास्तीची घेऊन माळ्यावर टाका. पुढे नळाची लाइन दुरुस्त करायला कुणी खणलं तर ठिगळ त्याच खडीचं लावता येईल.

आता कॅटलॉगविषयी. येवल्याला पैठणी घेताना आपण दुकानातल्या ट्यूबलाइटवर विश्वास ठेवत नाही, साडी उचलून दारात नेतो, उजेडात धरतो, काठ आणि अंग वेगवेगळं बघतो. दोन दिवस नेसायच्या साडीसाठी एवढं करतो आणि पंधरा वर्षांच्या अंगणासाठी चार इंची छापील चौकोन? छापील रंग तर विसराच, हातातला कोरडा खडासुद्धा फसवतो. रेझिनमध्ये कालवला की खडा कायमचा ओला झाल्यासारखा दिसतो, म्हणजे एक-दोन छटा गडद. नदीतला गोटा पाण्यात सुंदर दिसतो आणि घरी आणला की फिका पडतो ना, त्याच्या उलट. म्हणून कंत्राटदाराकडून खऱ्या रेझिनमध्ये बसवलेले एक फूट बाय एक फुटाचे तीन नमुने मागा. एक माझा गव्हाळ, दोन तुमच्या आवडीचे. तो कुरकुरेल. त्याचे वेगळे पैसे द्यावे लागले तरी द्या.

ते नमुने टेबलावर ठेवून बघू नका. गेटच्या आत, जमिनीवर, आडवे ठेवा. सकाळी आठला बघा, दुपारी एकला बघा, पाचला ऊन तिरपं आत आलं की बघा, रात्री गेटच्या दिव्याखाली बघा. मग कोरडे बघितलेत तसे पाणी ओतून बघा. एक लक्षात ठेवा, मोठ्या जागेवर तोच रंग नमुन्यापेक्षा उजळ वाटतो. त्यामुळे दोन छटांमध्ये मन अडकलं तर जरा शांत असलेली घ्या.

त्यानंतर नमुने खराब करा. बागेतली काळी माती कालवून फासा. इंजिन ऑइलचा एक थेंब, चिमूटभर कुंकू, थोडी हळद, थोडा चहा. जांभळांचा मोसम नसेल तर कोकमाचं आगळ चालेल. दोन दिवस राहू द्या, मग साबणाचं पाणी आणि कडक झाडूने धुवा. जे उरेल ते तुमच्या अंगणात उरणार आहे. आणि प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग चांदीच्या कागदाने घट्ट झाकून तो गच्चीवर उन्हात महिनाभर टाकून द्या. कागद काढल्यावर दोन भागांत फरक दिसला, तर रेझिन कसलं आहे ते तुम्हाला कुणी सांगायला नको. माझ्या चार कुंड्यांनी जे वर्षाने सांगितलं ते तुम्हाला महिन्यात कळेल.

महिना म्हटल्यावर तुम्हाला दसऱ्याची मुदत आठवली असेल. ती मुदत सोडून द्या. दसऱ्याच्या सुमारास परतीचा पाऊस कुठून येईल सांगता येत नाही, आणि पॉलियुरेथेनला पाण्याशी वैर आहे. खडी दमट असली किंवा घट्ट व्हायच्या आत सर आली तर रेझिन फेसाळतं आणि पांढुरके बुडबुडे धरतं. तुमचा निवडलेला रंग तिथेच गेला. दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यापासून करा. डिसेंबर-जानेवारीत सकाळचं दव सुकू द्या, दहाच्या आधी मिक्सर सुरू नको. थंडीत रेझिन आवळायला वेळ लागतो तेव्हा गाडी एक दिवस जास्त बाहेर ठेवा. एप्रिल-मे टाळाच. त्या उन्हात रेझिन हातातल्या हातात आवळतं आणि थापीचे व्रण राहतात.

खालच्या पायाबद्दल थोडक्यात, कारण तुम्ही विचारलं नाहीत, पण ते सोडून रंगावर बोलणं मला जमणार नाही. तुमचे ब्लॉक खचले ते बहुधा काळ्या मातीमुळे. ती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि वरचं सगळं हलवते. 'ब्लॉकवरच ओतून देतो, खर्च वाचेल' असं कुणी म्हणालं तर त्याला चहा देऊन वाटेला लावा. ब्लॉक काढा, काळी माती उपसा, मुरूम भरून रोलर फिरवा, खडीचा थर, त्यावर काँक्रीट. पाया चिरला तर रेझिनही त्याच रेषेत चिरतं, आणि कुठलाही रंग ती चीर लपवत नाही. पायाचं काँक्रीट नेहमीचं भरीव असेल तर पाणी त्यातून खाली जिरणार नाही, तेव्हा गेटकडे उतार आणि कडेला पाणी जायला वाट हवी. पाण्याचा टँकर आत घेत असाल तर यापुढे पाइप आत घ्या, टँकर बाहेर ठेवा.

आता यजमानांची समजूत. त्यांना काळा काठ द्या. दोन्ही कडांनी नऊ इंच ते एक फुटाचा काळ्या दगडाचा पट्टा, तोच दगड जो कंपाउंडला आहे. काठामुळे गव्हाळ अंग उठून दिसतं, रेझिनच्या कडा तुटत नाहीत, आणि गाडी वळताना चाक कडेला घासलं तर दगडावर घासतं. तो काठ पोर्चच्या पायरीपाशीही घ्या. अठ्ठ्याहत्तरीच्या डोळ्यांना संध्याकाळी जमीन कुठे संपली आणि पायरी कुठे सुरू झाली हे एकाच रंगात कळत नाही. गव्हाळ, मग काळी रेघ, मग पायरी, हे कळतं. माझ्या आईला मोतीबिंदू होता तेव्हा आम्ही पायरीच्या कडेला चुन्याची रेघ मारत होतो, रंगाचं हे काम मला तेव्हा पहिल्यांदा उमगलं.

आणि सासूबाईंचा गेरू. त्या लाल रंग मागतायत तो रंगासाठी नसावा असा माझा संशय आहे. त्यांना सकाळी सडा घालून रांगोळी काढायची जागा हवी आहे, आणि खडीवर ती निघत नाही. रांगोळीची पूड पोकळ्यांत उतरते, रेघ फुटते, आणि नंतर झाडूने निघतही नाही. बिस्किटी खड्यावर पांढरी रांगोळी तशीही दिसणार नाही. शेणाचा सडा तर या खडीवर चुकूनही नको, फटी बुजतात. दिवाळीत भुईचक्र आणि भुईनळे लावायलाही रेझिन चालत नाही, भाजल्याचा काळा चट्टा पडतो आणि तो खरवडूनच काढावा लागतो.

म्हणून गेटच्या आत, चाकांच्या वाटेच्या बाजूला, जांभळाच्या सावलीपासून दूर, एक चौकोन रेझिनशिवाय सोडा. तिथे शहाबादी फरशी बसवा, गुळगुळीत. तिच्यावर त्यांना दर सणाला गेरू सारवता येईल, रांगोळी उठून दिसेल, पणत्या ठेवता येतील, दसऱ्याला गाडीचं पुढचं चाक तिथवर आणून नारळ आणि लिंबू तिथेच फोडता येईल. सारवलेला गेरू वाहून जाऊन गव्हाळ खडीवर उतरू नये म्हणून चौकोनाचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवायला सांगा. चौकोन किती बाय किती हवा ते मला किंवा कंत्राटदाराला विचारू नका. सासूबाईंना खडू घेऊन तिथे बसवा आणि त्यांना हवी तेवढी जागा त्यांनाच आखू द्या.